तो मुखवटा करणीचा नाही

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत आफ्रिकेतल्या एका पांढऱ्या लाकडी चेहऱ्याचा फोटो आलाय आणि खाली नुसतं 'जादूटोण्याचं बाहुलं' एवढंच छापलंय, ते वाचून फार वाईट वाटलं म्हणून लिहितोय.

फोटोवरून तरी तो क्वेले लोकांचा मुखवटा दिसतोय. गॅबॉन, काँगो आणि कॅमेरूनच्या सीमेवरच्या जंगलातली ही माणसं. गावावर संकट आलं, साथ पसरली, लागोपाठ माणसं गेली, कुणीतरी करणी केलीय असा संशय घरोघरी शिरला की ते 'बेटे' नावाचा विधी करायचे, आणि त्यात 'एकुक' नावाचे मुखवटे जंगलातून गावात यायचे आणि सगळ्यांना नाचायला उठवायचे. म्हणजे करणी मोडायला, गाव परत एक करायला हे सगळं, आणि आपण छापलं नेमकं उलटं! फोटो जरा जवळ धरून बघा, चेहरा पत्त्यातल्या बदामाच्या आकारात आत कोरलाय, त्यावर पांढरी माती चोपडलीय, डोळे म्हणजे नुसत्या तिरप्या बारीक फटी. तो पांढरा रंग उजेडाचा, वाईटाला उघडं पाडणारा. काही मुखवट्यांना तर डोळ्याला भोकंच नसतात, कारण ते तोंडावर घालायचेच नव्हते.

आणि बाहुलंच दाखवायचं होतं तर काँगोतल्याच कुयू लोकांचं 'केबे-केबे' दाखवायचं की. तिथं नाचणारा लांब कापडात पूर्ण झाकलेला, दांड्यावर बसवलेलं रंगीत कोरीव डोकं वर धरून गरागरा फिरतो, बघणाऱ्याला माणूस दिसतच नाही.

आपल्या सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको खरं तर. सिद्धेश्वर यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, संक्रांतीच्या आधी अडुसष्ट लिंगांना जाऊन येतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते तोलत नेतात, मग सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडतात. उद्या परदेशातल्या कुठल्या म्युझियमनं त्यातला एक काचेत उभा करून खाली 'सजवलेली काठी' लिहिलं तर आपल्याला चालेल का? क्वेले मुखवट्यांचं हेच झालं, फ्रेंच राजवटीत विधी मागे पडत गेला आणि मुखवटे पॅरिस-जिनिव्हाच्या संग्रहालयांत जाऊन बसले, त्यांच्यासोबतचा नाच, ढोल, माणसं काहीच गेलं नाही.

शाळेतली पोरं तुमच्या पुरवणीची कात्रणं प्रोजेक्टच्या वहीत चिकटवतात हो, तेच वाचून आफ्रिका म्हणजे जादूटोणा असं डोक्यात बसतं. तेव्हा पुढच्या रविवारी तोच फोटो परत छापा, खाली लोकांचं नाव, देश आणि तो कशासाठी करायचे हे चार ओळीत द्या, आणि जादूटोणा हा शब्द तेवढा काढा, ही कळकळीची विनंती.

आपला एक नियमित वाचक,
सोलापूर