वनौषधींच्या बातमीत प्रयोग कोणावर झाला, ते आधी लिहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधुमेहामुळे पुरुषांत येणाऱ्या वंध्यत्वावर मेथी, अश्वगंधा, कवचबीज (खाजकुइलीच्या बिया) या वनस्पती गुणकारी ठरत असल्याचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. या विषयाला जागा दिल्याबद्दल आपले मनापासून आभार, कारण मूल होत नसेल तर आजही आधी सुनेच्या तपासण्या होतात, उपासतापासही तिलाच करावे लागतात आणि मुलाची साखर किती आहे हे घरात कोणी विचारत नाही. मात्र लेखाच्या शेवटी एका ओळीत उरकलेली गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती. यातले बहुतेक प्रयोग उंदरांवर झालेले आहेत.

स्ट्रेप्टोझोटोसिनसारखे रसायन टोचून उंदराच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात, साखर वाढून शुक्राणू घटले की वनस्पतीचा अर्क देतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी करतात. असे संशोधन आवश्यकच आहे. पण वर्षानुवर्षे मधुमेह अंगावर काढलेल्या, वजन वाढलेल्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाचे दुखणे त्या उंदराच्या दुखण्यासारखे नसते.

मी गेली बावीस वर्षे पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. गेल्या पावसाळ्यात वीर्यतपासणीसाठी आलेल्या एका तरुण शेतकऱ्याच्या डबीत जेमतेम दोन थेंब नमुना होता आणि त्यात एकही शुक्राणू सापडला नाही. साखरेच्या गोळ्या बंद करून आठ महिने तो कागदाच्या पुडीतले चूर्ण दुधातून घेत होता. डॉक्टरांच्या सूचनेवरून वीर्यपतनानंतरची त्याची लघवी तपासली, तेव्हा तळाशी बसलेल्या गाळात शुक्राणू स्पष्ट दिसले. मधुमेहाने नसा खराब झाल्या की मूत्राशयाचे तोंड वेळेवर मिटत नाही आणि वीर्य उलटे मूत्राशयात जाते. त्याच्या शरीरात शुक्राणू तयार होतच होते, मग ते वाढवण्याचे चूर्ण घेऊन काय साधणार होते? त्या आठ महिन्यांत साखर मात्र वाढत राहिली, याची हळहळ मला अजून वाटते.

आणखी एक बाब लेखात यायला हवी होती. साखरेसाठी अनेक जण रोज सकाळी कारल्याचा किंवा कडुनिंबाचा रस पितात. पण प्राण्यांवरील काही प्रयोगांत याच वनस्पतींच्या अर्कांनी शुक्राणूंची निर्मिती घटल्याचे आढळले आहे. माणसांतही तसेच होते असा याचा अर्थ नव्हे. मात्र उंदरावरचा अनुकूल निष्कर्ष छापायचा असेल, तर प्रतिकूल निष्कर्षही छापला पाहिजे.

वनस्पतींना कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. मधुमेहाच्या लाखो रुग्णांना दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनच्या शोधाचे मूळ युरोपातील गॅलेगा नावाच्या वनस्पतीत आहे. पण ते झुडूप आणि 1957 साली रुग्णांपर्यंत पोहोचलेले औषध यांच्या दरम्यान रसायनशास्त्राचे दीर्घ काम झाले होते. आपल्याकडेही लखनौच्या संशोधकांनी वंध्यत्व असलेल्या 75 पुरुषांना कवचबीजाचे चूर्ण तीन महिने देऊन 2009 मध्ये आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केले. तथापि त्या पुरुषांचे गट शुक्राणूंची संख्या आणि हालचाल पाहून पाडले होते, साखर पाहून नव्हे. तशीच काटेकोर चाचणी मधुमेही पुरुषांवर व्हावी आणि आयुर्वेद महाविद्यालये व मधुमेहतज्ज्ञ यांनी ती मिळून करावी, असे मला कळकळीने वाटते.

तोपर्यंत आपणास एक विनंती आहे. अशा प्रत्येक लेखात प्रयोग उंदरावर झाला की माणसावर, वनस्पतीचा कोणता भाग किती मात्रेत दिला, हे पहिल्या परिच्छेदातच द्यावे. शुक्राणू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात, त्यामुळे आधी साखर आटोक्यात आणून मग तपासणी पुन्हा करावी आणि कोणतेही चूर्ण घेत असल्यास त्याची पुडी डॉक्टरांना दाखवावी, एवढी चौकटही सोबत छापावी.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, कराड