भाऊंबद्दल, तुझ्या प्रश्नाच्या निमित्ताने

फोंडा, गोवा
१२ ऑगस्ट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. 'ज्या माणसाचं सगळ्यात मोठं स्वप्न लोकांनीच मोडलं, त्याला तुम्ही अजून एवढं का मानता?' हा तुझा प्रश्न मनातून जाईना. आज गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची पुण्यतिथी, म्हणून आजच लिहायला बसलो. तू म्हणतोस ते त्यांचं स्वप्न म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचं.

आधी एक लक्षात घे. भाऊ मुख्यमंत्री होते, पण राज्याचे नव्हते. गोवा, दमण आणि दीव हा तेव्हा केंद्रशासित प्रदेश. विधानसभा होती, ३० आमदार होते, मंत्रिमंडळही होतं. पण वर दिल्लीने नेमलेले नायब राज्यपाल, आणि त्यांचं नि मंत्र्यांचं पटलं नाही तर निवाडा राष्ट्रपतींकडे. मांडवीकाठच्या आदिलशहाच्या वाड्यात बसून लोकांना शब्द द्यायचा, आणि तो पाळायला परवानगी मात्र दिल्लीची आणायची. असा कारभार करायला किती चिकाटी लागत असेल!

डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत भाऊंचा मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उतरला तोच महाराष्ट्रात विलीन व्हायचं म्हणून. मगोचे १४ आणि मित्रपक्ष प्रजासमाजवादींचे २ असे १६ आमदार आले. गोव्यात काँग्रेसला भोपळाही फोडता आला नाही. भाऊ स्वतः उभे नव्हते. ते आधी मुख्यमंत्री झाले, मग मडकईच्या पोटनिवडणुकीत निवडून आले. पेडण्यात जन्मलेला, खाणधंद्यात पैसा कमावलेला हा बहुजन समाजातला माणूस खुर्चीवर बसला, याचा आमच्या घराला काय आनंद झाला असेल ते तुला सांगून कळायचं नाही.

आमचे आजोबा भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, शेतात कूळ. भाटकाराच्या घरी आजी मागच्या दाराने जायची आणि अंगणात उभी राहूनच बोलायची. १९६४ साली कूळ कायदा आला. जमीन लगेच नावावर झाली नाही. कुळाला मालक करणारी दुरुस्ती पुढे भाऊंच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, १९७६ ला झाली. पण आता शेतातून कुणी सहज काढणार नाही, एवढा धीर आजोबांना आला. आणि गावात शाळा आली. देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरायच्या जागेत) वर्ग, बसायला गोणपाट, चारही इयत्तांना मिळून एकच मास्तर, तेही महाराष्ट्रातून आलेले. पाऊस वाढला की कौलांतून पाणी गळायचं आणि सगळी मुलं एका कोपऱ्यात सरकून बाराखडी म्हणायची. माझी आई त्या मुलांत होती. आमच्या घरात वाचायला शिकलेली ती पहिली बाई.

आता तुझा प्रश्न. ज्या पदावर बसलो ते पदच राहू नये, यासाठी भाऊ झगडत होते. विलीनीकरण झालं असतं तर गोव्याला मुख्यमंत्रीच उरला नसता. गोवा महाराष्ट्रात जावा की केंद्रशासितच राहावा, हे लोकांनाच विचारायचं ठरलं; तो जनमत कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामाही दिला. सत्तेसाठी माणसं काय काय करतात ते आपण बघतोच; म्हणून मला हे फार मोठं वाटतं.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. चिन्हं दोन: फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. विलीनीकरणाला विरोध करणारे युनायटेड गोवन्स पक्षाचे नेते जॅक सिक्वेरा आणि त्यांच्या सोबत्यांनी जिवाचं रान केलं होतं, आणि आज मागे वळून बघताना मला लोकांचा तो निर्णय बरोबरच वाटतो. आजोबांना मात्र तो शेवटपर्यंत पटला नाही.

पण त्याच लोकांनी दोन-अडीच महिन्यांत पुन्हा मगोलाच निवडून दिलं! गोवा वेगळा राहू दे, पण चालवायचा भाऊंनीच, असा तो सरळ हिशेब होता. आणि भाऊ रुसून घरी बसले नाहीत. जो प्रदेश त्यांना वेगळा नकोच होता, तोच त्यांनी उभा केला. १९७० मध्ये स्वतःच्याच आमदारांनी बंड केलं, तेही निभावलं. १९७२ ला परत जिंकले आणि १९७३ च्या आजच्या तारखेला मुख्यमंत्री असतानाच गेले.

३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं. त्याचं श्रेय घेणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा हक्कही आहे. माझं म्हणणं एवढंच, की गावोगावच्या त्या शाळांतून शिकून निघालेली पिढी नसती, तर हे राज्य चालवायला माणसं कुठून आणली असती? विलीनीकरणवाद्यानेच वेगळ्या गोव्याचा पाया भरला. म्हणून मानतो मी त्यांना.

आणि हो, तुझे बाबा तेव्हा गिरगावात होते ना? गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांना त्या कौलात मत नव्हतं, आणि त्यावरून मुंबईत बरीच नाराजी होती. त्यांच्या शेजारपाजारी गोव्याची बिऱ्हाडं होती, असं तू मागे म्हणाला होतास. त्या दिवसांत तिथे काय बोललं जायचं, ते बाबांना विचारून सविस्तर लिही. काकूंना नमस्कार.

तुझाच,
मित्र