डोंग्यातून एकटीनं

नागपूर,
नोव्हेंबर

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

मावशीच्या मोबाईलवर माझा एक फोटो पोचला आहे, म्हणजे तो तुमच्यापर्यंत यायला फार तर संध्याकाळ होईल. त्यात मी डोंग्यात बसले आहे, अंगात नारिंगी लाइफ जॅकेट, हातात गळाची काठी, आणि आजूबाजूला कोणी नाही. कोणी नाही हे खरंच आहे. रविवारी रामटेककडच्या एका माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळच्या, तलावावर मी एकटीनं डोंगा आत नेला, मासे धरले आणि परत आले. फोनवर सांगितलं असतं तर पहिल्या वाक्यालाच आईचा आवाज चढला असता आणि पुढचं ऐकायला कोणी थांबलं नसतं. म्हणून पत्र. आई, आधी शेवटपर्यंत वाच, मग काय बोलायचं ते बोल.

तुझ्या डोळ्यांपुढे काय येणार ते मला ठाऊक आहे. 2017 चा जुलै, वेणा जलाशय, होडी उलटून गेलेली ती तरुण पोरं. तू दोन दिवस नीट जेवली नव्हतीस आणि धाकट्याला बेंगळुरूला फोन करून ‘पाण्याजवळ जाऊ नको’ म्हणून बजावलं होतंस. तो तेव्हा ऑफिसात होता. ती बातमी मीही विसरलेले नाही. तिच्यामुळेच मी पावसाळाभर डोंग्यात एकटी चढले नाही, जॅकेट सीटखाली न ठेवता अंगात घातलं, आणि त्याच्या आधी उन्हाळ्यात पोहण्याचा क्लास लावला. क्लास व्यायामासाठीच होता, पण त्यातलं पाठीवर निवांत तरंगणं मी जरा जास्तच मन लावून शिकले.

तलाव ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीनं ठेक्यानं घेतलेला आहे. कोणीही उठून गळ टाकावा अशी ती जागा नाही. रोहू, कतला, मृगळ ही मंडळी उभ्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यामुळे सोसायटीवाले दर पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडतात. बाबा, हे तुम्हाला आवडेल: पूर्वी हे बीज पुराच्या वेळी नदीतून गोळा करून आणावं लागे. 1957 साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशांना पिट्युटरी ग्रंथीचं इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून तळ्यात अंडी घालवून घेतली, आणि तिथून सगळं बदललं. तात्पर्य, तिथला प्रत्येक रोहू कोणीतरी पैसे मोजून सोडलेला असतो. मी सोसायटीच्या काकांना विचारून, ठरलेली रक्कम देऊन, त्यांचाच फायबरचा डोंगा घेऊन जाते.

काकांनी शिकवायला सुरुवात केली ती बसण्यापासून. गळ वगैरे सगळं नंतर. डोंग्यात पाय ठेवायचा तो मधोमध, एक हात काठावर, आणि लगेच खाली बसायचं. “मासा गेला तं जाऊ दे, उभी नको राहू,” हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं की आता ऑफिसात खुर्चीवरून उठतानाही मला ते ऐकू येतं. दुसरं म्हणजे वजन. दोघं असलो की डोंगा सरळ बसतो. एकटीच मागे बसले की पुढचं टोक वर उचललं जातं आणि वारा त्यालाच धरून डोंगा फिरवतो. त्यावर काकांचा उपाय म्हणजे पुढच्या टोकाशी पाण्यानं भरलेली वीस लिटरची कॅन. दगड ठेवला आणि डोंगा पालथा झाला तर दगड धावून येणार, पाण्याची कॅन पाण्यात कोणाला लागत नाही. मला हे फार पटलं.

पावसाळ्यात त्यांनी मरळ माशाची पिल्लावळ दाखवली होती. लालसर बारीक पिल्लांचा घोळका पाण्याच्या पृष्ठभागाला उकळी फोडत सरकत असतो आणि खाली मोठी मरळ राखण करत असते. तिथे गळ टाकला तर ती चिडून हमखास धरते, म्हणून तिथे टाकायचाच नाही, असा काकांचा नियम आहे. मोठी गेली की बाकीचे मासे पिल्लांना संपवतात.

आता रविवार. घरून अंधारातच निघाले, गाडीत ताक, पोळ्या आणि कणीक. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पोचले तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडे शिंगाड्याच्या वेलांत अडई बदकं शीळ घालत होती. काकांनी डोंगा ढकलून दिला आणि एवढंच म्हणाले, “दहाला तुडुमापाशी दिसली पायजे. सव्वादहाले मी दुसरा डोंगा काढीन. त्याच्या आधी मी काही पाहात नाही.” (आई, तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेताकडे सोडायची मोरी.) मग खरोखरच पाण्याकडे पाठ करून जाळं विणायला बसले.

बाबा, तुडूम म्हटलं की तुम्ही आधी ते चालू आहे का विचाराल. चालू आहे. दगडी बांधणीचं, जुन्या पद्धतीचं, भोकं लाकडी खुंट्यांनी बंद करायची आणि धानाला पाणी लागेल तशी वरून एकेक उघडायची. आपण नवेगाव खैरीच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा तुम्ही मला धरणाच्या भिंतीवर न्यायचात आणि मनगट इतकं घट्ट धरायचात की घरी येऊन मी आईला वळ दाखवायची. पाण्याची पातळी, विसर्ग, कालवा सगळं समजावून सांगायचात, पण पाण्याला हात लावू दिल्याचं मला आठवत नाही. आज नागपूरच्या माझ्या नळाला तिथलंच पाणी येतं.

एकटीनं वल्हवताना डोंगा स्वतःभोवती फिरतो. उजवीकडे वल्हं मारलं की तोंड डावीकडे जातं. दर वेळी बाजू बदलत बसलं तर मांडीवर पाणी सांडतं आणि नागमोडी जावं लागतं. त्यापेक्षा प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्हं किंचित बाहेर ढकलायचं, म्हणजे तोंड परत सरळ येतं. मधोमध येईपर्यंत माझी ती लय बसली. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध गेले, ठरवून. हल्ली सकाळी वारा नसल्यासारखाच असतो, ऊन चढलं की नऊच्या सुमारास सुटतो. तेव्हा हात दमलेले असणार आणि वाऱ्यानं घराकडे लोटलेलं बरं.

नांगर म्हणजे दोरीला बांधलेला धोंडा. तो डोंग्याच्या नाकाला बांधायचा, बाजूला कधीच नाही. बाजूला बांधला की वाऱ्यात डोंगा आडवा उभा राहतो आणि लाट आत येते. दोरी खोलीच्या तिप्पट तरी सोडायची. खोली मी गाठी मारलेल्या तंगुसाला (गळाच्या दोऱ्याला) शिसं लावून मोजली: बारा-तेरा फूट, तळाला गाळ. (बाबा, वहीत लिहिलं आहे. तुम्ही विचारणारच.) काठाला बेशरमीची झुडपं आहेत. त्यात गळ अडकतो म्हणून मी बरीच आत थांबले.

चारा म्हणजे कणीक आणि भाजलेली शेंगदाण्याची ढेप, जरा पाणी लावून मळलेली. त्याचे दोन-तीन गोळे आधी नुसतेच टाकायचे, मासे गोळा व्हावेत म्हणून. मग वाट पाहायची. वाट पाहण्याबद्दल लोक जे शांत-बिंत लिहितात ते मला फारसं जमलं नाही. पाय आखडले, डासांनी कान फोडले, आणि आधी लागल्या त्या सगळ्या चिलापी, तळहाताएवढ्या. काट्याचा पंख उभा करून बोटाला टोचतात. काका त्यांना मासा मानत नाहीत.

रोहू लागला तेव्हा थर्माकोलचा तुकडा बुडालाच नाही, तिरपा होऊन बाजूला चालायला लागला. मी काठी उचलली आणि समोर एकदम ओझं आलं. हलक्या डोंग्यात मासा लागला की डोंगाही माशाकडे वळतो, हे सांगून कळत नाही. रिळाचा ब्रेक मी ढिला ठेवला होता, त्यामुळे तंगूस करकरत सुटत गेलं पण तुटलं नाही. मग तो थेट नांगराच्या दोरीकडे निघाला. दोरीला एक वेढा पडला की संपलं. उभं राहून काठी पलीकडे नेणं सोपं होतं. मी गुडघ्यांवर सरकत पुढे गेले, कॅनला टेकले आणि काठी नाकाच्या पुढून दुसऱ्या बाजूला घेतली. तेवढ्या वेळात मनात ना वेणा होतं ना तुम्ही दोघं. डोक्यात फक्त गुडघे, दोरी आणि काठीचं टोक. मग तो दमला. त्याला डोंग्याच्या बाजूला आणून हातजाळ्यात घेतलं, वाकून नाही, बसूनच. काट्यावर सव्वा किलो भरला. काकांच्या मते मध्यम. माझं मत मी त्यांना सांगितलं नाही.

ऊन चढलं, पाण्यावर सुरकुती उठली, तशी नांगर ओढला. तुडुमापाशी दहाला दहा मिनिटं कमी असताना लागले. काकांनी जाळ्यातून मान वर केली आणि “आली का” म्हणाले, बस. रोहू काकूंनी जवसाच्या तेलात केला. शेपटीकडचा तुकडा मी बाबांच्या नावानं खाल्ला. आई, तुझ्यासाठी पिशवीभर शिंगाडे दिले आहेत, पुढच्या शनिवारी अमरावतीला येताना आणते. फोटो त्यांच्या नातवानं पाळीवरून काढला, आणि मीच तो मावशीला पाठवला.

हे सगळं इतकं तपशिलात लिहिण्याचं कारण वेगळं आहे. त्या दोन-तीन तासांत मला सगळ्यात बरं काय वाटलं असेल तर काकांची ती पाठ. त्यांना काळजी नव्हती असं नाही, दुसरा डोंगा वल्ह्यासकट पाण्याच्या कडेलाच लावून ठेवलेला मी परतताना पाहिला. पण वेळ ठरली होती आणि ती होईपर्यंत ते माझ्यावर डोळे लावून बसले नाहीत. बसले असते तर मी त्यांच्याकडेच बघत वल्हवलं असतं आणि हमखास फिरत बसले असते.

आणि मग कन्हानच्या पुलावर गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असताना मला तुम्ही दोघं आठवलात. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मी आणि धाकटा मिळून त्यांच्या स्कूटरच्या मागे लागलो आहोत. राजकमल चौकात नको, अंधार पडल्यावर नको, एकटे तर नकोच. डॉक्टरांनी चालवायला परवानगी दिलेली आहे, ती आम्ही सोयीनं विसरतो. आईला महिलांच्या अर्ध्या तिकिटात एसटीनं शेगावला एकटीनं जाऊन यायचं आहे, आणि दर वेळी मी ‘मी गाडी घेऊन येते ना’ म्हणते. मग माझी सुट्टी जमत नाही आणि शेगाव राहून जातं. तुम्ही माझ्याबद्दल जे म्हणणार आहात, तेच मी तुम्हाला दर रविवारी फोनवर म्हणते, शब्दसुद्धा तेच.

म्हणून माझं म्हणणं असं. मी महिन्यातून एखाद्या रविवारी डोंगा घेऊन जाणार. जायच्या आधी तलाव कोणता, सोबत कोण आहे, पाण्याबाहेर किती वाजता येणार, हे तुम्हाला कळवणार. ती वेळ होईपर्यंत तुम्ही फोन करायचा नाही. वारा असेल तर मी जाणार नाही, आणि गेले नाही हेही कळवीन. तुमच्या बाजूनंही तेवढंच. आई, कोणती बस, कुठे उतरणार, परतीची बस किती वाजता, एवढं लिहून पाठव. दर्शनाच्या रांगेत मी तुला एकदाही फोन करणार नाही. बस चुकली तर तू कर. गुडघ्याचा पट्टा मात्र लाव, ते माझ्या जॅकेटसारखं आहे, त्यावर चर्चा नाही.

बाबा, हा नोव्हेंबर आहे आणि हयातीचा दाखला द्यायला तुम्हाला बँकेत जायचं आहे. मी रजा काढून येते म्हणाले होते. रजा रद्द केली आहे. स्कूटर काढा, हेल्मेट घाला, सकाळी दहाच्या आत जा म्हणजे गर्दी आणि ऊन दोन्ही टळेल. निघताना ‘निघालो’ आणि परतायची वेळ एवढं टाका. त्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी मी फोन करीन, आधी नाही.

तुमची,
मोठी