मातीची ट्रॉली सांगण्याआधी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, "दोन ट्रॉल्या सांगून टाकतो, कमी नको पडायला" असं काल म्हणालात. एवढ्यात सांगू नका. ट्रॉलीवाला माती फाटकाशी ओतून निघून जातो, मग घमेली तुम्हीच वाहत बसणार. तुमच्या कंबरेची मला फार काळजी वाटते.

आधी भाजीच्या वाफ्यांची मापं घ्या. विटा सोडून, आतल्या बाजूने. लांबी, रुंदी, खोली तिन्ही फुटांतच. खोली नऊ इंच भरली तर पाऊण फूट धरायची. तुम्ही म्हणता तसे आठ बाय तीनचे तीन वाफे धरू. वांगी-टोमॅटोच्या दोन वाफ्यांना फूटभर थर हवाच, म्हणजे ४८ घनफूट. आईच्या मेथी-कोथिंबिरीला अर्धा फूट पुरतो, ते १२. झाले ६०. पाणी पडलं की माती बसते, म्हणून वर पाचवा हिस्सा धरा, ७२. ब्रास १०० घनफुटांचा. म्हणजे पाऊण ब्राससुद्धा लागत नाही!

त्यातही सगळी माती नकोच. आपली सोलापूरची काळी माती नुसती भरली तर उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात चिखल होऊन मुळं गुदमरतात. निम्मी माती (३६), तिसरा हिस्सा पूर्ण कुजलेलं शेणखत (२४), उरलेलं भिजवलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा (१२). शेणखताला वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे, घेऊ नका. मोजायला चौदा लिटरची बादली घ्या, दोन बादल्या म्हणजे एक घनफूट. वाफ्याखालची जमीनही कुदळीने मोकळी करून घ्या, पण ते काम गड्याला सांगा.

आई, गच्चीवर वाफा करायचं मात्र मनातून काढून टाक. ओली माती घनफुटाला ४५-५० किलो भरते. आठ बाय तीनचा, फूटभर थराचा एकच वाफा वर केला तरी टनाच्या वर वजन होतं, आणि आपला स्लॅब जुना आहे. तिथे तुळस, कढीपत्ता कुंडीत लाव, त्याही भिंतीच्या कडेला.

माती पाऊस लागायच्या आत आणवा. भिजली की फावड्याला चिकटते, ढेकळं फुटत नाहीत. मी शनिवारी येतेच आहे. तोवर माती आलीच तर ताडपत्री टाकून ठेवा, घमेल्याला हात लावू नका.

तुमची,
सोनू