नायगरा किल्ल्याचे फोटो आणि थोडं त्यांच्यामागचं

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोटो ताईकडे पाठवलेत, ती तुम्हाला टीव्हीवर मोठे करून दाखवेल. पण नुसते फोटो बघून तुम्ही म्हणाल, ‘हे कुठल्या नाटकाचं शूटिंग?’ म्हणून सोबत हे पत्र. आधी पत्र वाचा, मग फोटो बघा.

नायगराचा धबधबा सगळेच बघतात. तीच नदी पुढे उत्तरेला जाऊन ऑन्टारिओ सरोवराला मिळते. त्या मुखावर, न्यूयॉर्क राज्यातल्या यंगस्टाउन गावाला लागून, हा किल्ला आहे. डोंगर नाही, कडा नाही. दोन बाजूंना पाणी आणि जमिनीच्या बाजूला मातीचे तट, खंदक. नदीपलीकडे कॅनडा, आणि तिथे इंग्रजांचा फोर्ट जॉर्ज. राजगड पाहिलेल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं, यात काय चढायचं? पण तटावर उभं राहिलं की जागेचं मोल कळतं. त्या काळात माल जायचा तो होड्यांतून. हे मुख ज्याच्या ताब्यात, आतल्या मोठ्या सरोवरांची वाट त्याच्या ताब्यात.

मधोमध एक दगडी हवेली आहे, तिला ‘फ्रेंच कॅसल’ म्हणतात. ही गोष्ट तुम्हाला आवडेल. आसपासच्या इरोक्वा या तिथल्या मूळ रहिवासी लोकांना आपल्या मुलखात किल्ला नको होता. फ्रेंचांनी सांगितलं, किल्ला कसला, व्यापाराची वखार बांधतोय. आणि 1726 साली जाडजूड भिंतींची आणि माळ्यावर तोफा पेलतील अशी इमारत उभी केली. पाण्यासाठी बाहेर जावं लागू नये म्हणून विहीर घरातच, दारातून आत शिरल्यावर लगेच. बाहेरून बघाल तर एखाद्या श्रीमंत सावकाराचा वाडा. वखारीच्या नावाखाली किल्ला बांधायची ही युक्ती आपल्याकडच्या टोपीकरांनाही चांगली ठाऊक होती, नाही का?

दर जुलैमध्ये इथे 1759 चा वेढा पुन्हा उभा करतात. त्या वर्षी इंग्रजांनी वेढा घातला, त्यांचा सेनापती प्रिडो आपल्याच तोफेच्या गोळ्याने मेला, सूत्रं विल्यम जॉन्सनकडे गेली. फ्रेंचांच्या मदतीला येणारी कुमक 24 जुलैला वाटेतच कापली गेली आणि त्यानंतर दोन दिवसांत फ्रेंच किल्लेदार पूशोने किल्ला खाली केला. हौशी मंडळी स्वतःच्या खर्चाने तेव्हाचे कपडे शिवून येतात, तंबूत राहतात. तांबडे कोट इंग्रजांचे. राखाडी-पांढरा कोट आणि निळा कफ दिसला तर तो फ्रेंच शिबंदीतला. सगळे कोट लोकरीचे, भर जुलैत!

आता फोटोंबद्दल. लढाई सुरू झाली की दोराच्या अलीकडचा प्रत्येक माणूस कॅमेरा उचलतो, मीही उचलला. बार उडतो, पांढरा धूर येतो, टाळ्या वाजतात. आणि घरी येऊन बघावं तर सगळे फोटो एकसारखे, धूर आणि धुरात टोप्या. वर मागे सरोवरापलीकडे टोरांटोचे उंच मनोरे! एक-दोनच कामाचे निघाले. चकमकीच्या बंदुकीत आधी तिच्या कानाजवळची, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकाजवळच्या पेल्यातली रंजक (पेटवणीची दारू) पेटते आणि मग नळीतली दारू. दोन्हींच्या मधला क्षण डोळ्यांना कळत नाही, पण भराभर फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यात तो सापडतो. गालाजवळ ठिणग्यांचा झोत आहे, नळीच्या तोंडाशी मात्र अजून काहीच नाही. त्या फोटोत नवख्या शिपायांचे डोळे घट्ट मिटलेले आहेत. मुरलेला एकजण तेवढा उघड्या डोळ्यांनी सरळ समोर बघतोय. तो फोटो नीट बघा.

पण खरी मजा लढाई संपल्यावर. गर्दी खाण्याच्या गाड्यांकडे पांगते, तंबूंजवळ कोणी राहत नाही, आणि मग ही माणसं आपली कामं काढून बसतात. एक आजोबा (आठवडाभर शाळेत गणित शिकवतात म्हणे) बंदूक मांडीवर घेऊन बसले होते. कमरेच्या पट्ट्याला साखळीने एक बारीक सुई आणि एक ब्रश लटकवलेला. सुईने बंदुकीचा कान मोकळा करायचा, ब्रशने पेल्यातली काजळी झाडायची, मग घोड्यातल्या गारगोटीचं चामडं सैल झालंय का ते अंगठ्याने दाबून बघायचं. मी विचारलं, ‘फोटो काढू का?’ म्हणाले, ‘काढा, पण मी थांबणार नाही. ओली काजळी तशीच राहिली तर पुढचा बार फुसका जातो.’ त्यांच्या नखांत शिरलेली काळी रेघ फोटोत इतकी स्वच्छ आली आहे की मला तोच सगळ्यात आवडलाय.

शेजारी एक बाई कोटाची काजं शिवत होत्या. दोरा लिननचा, मेणाच्या वडीवरून ओढून घेतलेला, म्हणजे तो सुटत नाही आणि कापडातून सरसर जातो. मशीनची शिलाई लांबून ओळखू येते, म्हणून ही माणसं दिसेल तिथे तरी हातशिलाईच करतात. आईला हा फोटो आवर्जून दाखवा. तिला टाक्यांवरून पटकन कळेल की बाई नवशिक्या नाहीत.

आईसाठी आणखी एक. पुढे हा किल्ला अमेरिकेकडे आला, आणि 1812 च्या नोव्हेंबरात समोरच्या इंग्रजांच्या फोर्ट जॉर्जशी दिवसभर तोफांची लढाई झाली. तेव्हा बेट्सी डॉइल नावाची एका तोफखान्याच्या शिपायाची बायको तापलेले लाल गोळे तोफेपर्यंत पोचवत होती. नवरा त्या वेळी इंग्रजांच्या कैदेत. तापलेला गोळा पलीकडच्या लाकडी इमारतीत पडला की आग लागते, एवढं साधं गणित. गोळे तापवायची एक भट्टी किल्ल्यात आहे, आणि बेट्सीचं काम करणारी बाईही होती, पण ऊन डोक्यावर आल्याने फोटो धड आला नाही.

पुढच्याच वर्षी, 19 डिसेंबर 1813 च्या पहाटे, इंग्रजांनी अचानक हल्ला करून हा किल्ला घेतला आणि त्यावरचा अमेरिकेचा झेंडाही नेला. तो झेंडा आता परत आलाय. 24 फूट बाय 28 फूट, पंधरा तारे, पंधरा पट्टे. अंधाऱ्या दालनात ठेवलाय आणि प्रकाश अगदी मंद. मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही.

हवेलीच्या आतले फोटो जरा काळे वाटतील. खिडक्या लहान आहेत आणि मेणबत्त्यांचा उजेड मुद्दाम तसाच ठेवला. मोबाइलवर उजळून बघू नका, ताईला सांगा.

तुम्ही विचाराल की आपल्या गडांवर असं का नाही करत. करतात की, मर्दानी खेळवाले करतातच. पण तंबूबाहेर बसून बंदुकीचा कान साफ करणारा मावळा बघायला मला जास्त आवडेल.

तीन फोटो छापून भिंतीला लावायचे म्हटलं तर कुठले, ते तुम्ही ठरवा. तुमची निवड आणि माझी निवड जुळत नाही हे माहीत आहे, तरी सांगा. गुडघ्याच्या गोळ्या चुकवू नका, जिना कमी चढा. आईला नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुमचा,
समीर