टाचदुखी, बुटातली गादी आणि कोकणातली चप्पल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी पावलांच्या मोफत तपासणीचे शिबिर भरले होते. काचेवर उभे राहिले की संगणकाच्या पडद्यावर तळपायाचे लाल-पिवळे चित्र उमटत असे आणि ते पाहून बहुतेकांना ‘तुमच्या पायाची कमान बसली आहे’ असे सांगितले जात असे. ३१ वर्षे वर्गात उभे राहून शिकवल्यामुळे माझी टाच दुखतच होती, त्यामुळे ४,५०० रुपयांचे इनसोल, म्हणजे बुटात घालायची गादी, मीही निमूटपणे घेतली. बुटातली मूळची गादी तशीच ठेवून तिच्यावर ही नवी घातल्याने टाच वर उचलली जाऊन बुटाच्या काठावर घासू लागली आणि आठवडाभरात तिथे फोड आला. जुनी गादी आधी काढायची असते, एवढे साधे वाक्य काही विकणाऱ्याला सुचले नाही.

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येते आणि चार पावले चालल्यावर ती कमी होते, असे दुखणे बहुधा टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत गेलेल्या तळव्याच्या जाड पट्ट्याचे असते. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले की माणूस धसका घेतो; वास्तविक टाच कधीच न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेतही ते दिसते. इनसोलने टाचेवरचा भार थोडा पसरतो आणि कमानीला आधार मिळतो, पण त्यासाठी ते जरा टणकच लागते. बोटाने दाबताच लोण्यासारखे दबणारे इनसोल दुकानात सुखद वाटले तरी लवकर चपटे होते. ऑस्ट्रेलियात टाचदुखीच्या १३५ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माप घेऊन बनवलेली व तयार मिळणारी इनसोल जवळपास सारखीच ठरली, आणि वर्षअखेरीस तर नुसत्या पातळ फोमच्या तुकड्याच्या तुलनेतही त्यांचा विशेष फायदा उरला नव्हता. मला स्वतःला फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पोटरीला आणि तळव्याला ताण देण्याचे व्यायाम व एक साधे तयार इनसोल, एवढ्यावर तीन महिन्यांत उतार पडला.

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. कोकणात बूट घालतो कोण? जांभ्याच्या पाखाड्या चढणारी, बंदरावर मासळी निवडणारी, कलमांच्या बागेत राबणारी माणसे बारा महिने चपला, नाहीतर पावसाळी प्लास्टिकची पादत्राणे वापरतात. त्यांत सुटे इनसोल टिकत नाही. जून ते सप्टेंबर फोमची गादी भिजली की वाळता वाळत नाही आणि ओल्या पायांना चिखल्या होतात त्या वेगळ्याच. अशा माणसांना इनसोल विकण्यापेक्षा झिजलेल्या टाचेची, पातळ सपाट तळाची चप्पल वेळेवर बदलायला सांगणे अधिक उपयोगाचे आहे.

मधुमेहींची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण पायाची संवेदना गेलेल्या माणसाला इनसोलची दुमडलेली कड किंवा आत शिरलेला खडा कळतच नाही आणि जखम चिघळल्यावरच घरच्यांच्या लक्षात येते. कुष्ठरुग्णांच्या बधिर पावलांसाठी आपल्याकडे एमसीआर (मायक्रोसेल्युलर), म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या रबराची चप्पल फार पूर्वीपासून दिली जाते; तिचा आतला तळ मऊ असूनही चपटा होत नाही, टाचेमागे पट्टा असतो आणि पायात घुसेल असा खिळा तिच्यात ठोकत नाहीत. ही चप्पल भिजली तरी वाळते, म्हणजे आपल्या हवेलाही ती चालते.

तेव्हा ग्रामीण रुग्णालयांत मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्यांची पावले उघडी करून तपासावीत, गरजूंना एमसीआर चपला तिथेच मिळाव्यात आणि त्या बनवण्याचे शिक्षण बाजारपेठेत बसणाऱ्या गटई कामगारांना द्यावे, अशी आपल्या पत्राद्वारे जिल्हा आरोग्य विभागाला विनंती आहे. आणि वर सांगितल्यासारखी शिबिरे भरवायला शाळांची सभागृहे देण्यापूर्वी, तपासणारा कोण आणि विकणारा कोण, एवढे संस्थाचालकांनी विचारून घ्यावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, गुहागर