प्रदत्त मत द्यायचं असतं हे आमच्या केंद्रावर कुणालाच सुचलं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे एका निवडणुकीत मी ओळखीच्या उमेदवाराचा पोलिंग एजंट म्हणून दिवसभर केंद्रावर बसलो होतो. दुपारी एक बाई आल्या, साठीच्या असतील, हातात व्होटर कार्ड, चिठ्ठी, सगळं बरोबर, आणि यादी बघणाऱ्या अधिकाऱ्याने सांगितलं की तुमचं मतदान झालंय. बाई बोट पुढे करून दाखवतायत, शाई नाही, कार्डावरचा फोटो त्यांचाच, तरी त्यांना बाजूला उभं केलं आणि पाच-दहा मिनिटांनी त्या गुपचूप निघून गेल्या. मी तिथेच होतो, बाकीच्या उमेदवारांचे एजंट होते, केंद्राध्यक्ष होते, आणि यांना प्रदत्त मत, म्हणजे आपल्या नावावर आधीच दुसरं कुणी मत देऊन गेलं तर खऱ्या मतदाराने द्यायचं मत, देता येतं हे आमच्यापैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही. मला ते रात्री घरी येऊन शोधल्यावर कळलं. त्या बाईंचा चेहरा अजून डोळ्यासमोर येतो म्हणून हे पत्र लिहितोय.

नियम काही अवघड नाही. लोकसभा-विधानसभेसाठी १९६१ चे निवडणूक नियम आहेत, त्यात स्पष्ट आहे की तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल आणि तुम्ही तुमची ओळख पटवून दिली तर मशीनवर नाही पण कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं, ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात ठेवतात आणि तुमची नोंद वेगळ्या यादीत सहीनिशी होते. हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे बरेच जण म्हणतात मग काय उपयोग. उपयोग असा की निकाल थोडक्यात लागला आणि प्रकरण कोर्टात गेलं की बोगस मतदान झाल्याचा लेखी पुरावा हाताशी असतो. राजस्थानात २००८ ला नाथद्वाऱ्यात विधानसभेला काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने पडले, फक्त एका, आणि पुढे कोर्टात वाद गेला तो याच प्रदत्त मतांवर. त्या बाई न भांडता घरी गेल्या, म्हणजे आमच्या केंद्राच्या कागदावर काही घडलंच नाही.

दुसरं म्हणजे आक्षेप. समोर आलेला माणूस तो नाहीच असं एजंटला वाटलं तर त्याच नियमांप्रमाणे २ रुपये भरून आक्षेप घेता येतो, मग केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात, आक्षेप घेणाऱ्याने पुरावा द्यायचा, तो पटला नाही तर मतदाराला मत देऊ द्यायचं, आक्षेप खरा निघाला तर त्या तोतयाला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, आणि उगाच त्रास द्यायला आक्षेप घेतला असेल तर पैसे जप्त. यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मी असे एजंट बघितलेत जे विशिष्ट वस्तीतल्या लोकांना मुद्दाम अडवतात, नावात एक अक्षर वेगळं आहे, लग्नानंतर आडनाव बदललंय, वय दोन वर्षांनी चुकलंय, असं काहीही काढून रांग थांबवायची म्हणजे मागचे कंटाळून जातात. पण यादीतल्या किरकोळ लेखनाच्या, छपाईच्या चुकांकडे, ओळख पटत असेल तर, केंद्राध्यक्षांनी दुर्लक्ष करायचं असंही नियमात लिहिलंय, आणि हे वाक्य मतदाराला माहीत असलं तर निम्मी दमदाटी तिथेच संपेल. नुसता आरडाओरडा करणाऱ्याला म्हणायचं, पैसे भर आणि रीतसर आक्षेप घे.

आता ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांचे कायदे नि नियम वेगळे आणि अडचण खरी इथे आहे. विधानसभेचा नियम एखाद्याने वाचलेला असला तरी तोच इथे जसाच्या तसा लागू आहे का, फी किती, फॉर्म कुठला, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस केंद्रावर मिळत नाही. निरीक्षक नेमलेले असतात पण ते कोण आणि त्यांचा फोन नंबर काय हे मी तरी केंद्राच्या दारावर लावलेलं पाहिलं नाही.

आणि फेरमोजणी. स्थानिक निवडणुकीत वॉर्ड छोटा, फरक चार-पाच मतांचा असू शकतो, म्हणजे इथेच फेरमोजणी सगळ्यात जास्त लागणार. मुंबईत २०१७ ला २२० नंबरच्या वॉर्डात दोन उमेदवारांना ५,९४६-५,९४६ अशी सारखी मतं पडली, फेरमोजणीनंतरही सारखीच, शेवटी चिठ्ठी टाकून नगरसेवक ठरला. हरियाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावात तर सरपंचपदाची निवडणूक २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये झाली, एका केंद्राच्या आकड्यांत उमेदवारांची अदलाबदल झाल्याचा वाद झाला, तो कोर्टाच्या पायऱ्या चढत दिल्लीला गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आवारात मशीन मागवून मतं परत मोजली तेव्हा निकाल उलटला. पाच वर्षांतली जवळजवळ तीन वर्षं दुसराच माणूस खुर्चीवर.

लोकांना वाटतं फेरमोजणी म्हणजे मशीनचं बटण परत दाबायचं, पण मशीन तोच आकडा परत दाखवणार. चूक होते ती आकडा कागदावर उतरवताना, एकाची मतं दुसऱ्याच्या रकान्यात जातात किंवा बेरजेत गडबड होते, आणि आपल्याकडे महापालिका-नगरपालिकेच्या निवडणुकीत व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची चिठ्ठी छापणारं यंत्र, नसतं म्हणजे ताडून बघायला चिठ्ठ्याही नाहीत. म्हणून संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर केंद्रावर एकूण किती मतं पडली याचा जो हिशोब लिहितात, विधानसभेला त्याला १७-सी म्हणतात, त्याची सही केलेली प्रत एजंटने मागून घेतलीच पाहिजे, त्यावर कंट्रोल युनिटचा, म्हणजे मशीनच्या मतं साठवणाऱ्या भागाचा, नंबर असतो. मोजणीच्या टेबलावर नंबर जुळला नाही किंवा एकूण आकडा जुळला नाही तर बोलायला हातात कागद हवा. आमचे निम्मे एजंट पाच वाजताच जेवायला नाहीतर मिरवणुकीच्या तयारीला निघून जातात, हे मी आमच्याच लोकांबद्दल सांगतोय आणि मला त्याचा राग येतो.

फेरमोजणी मागायची वेळसुद्धा फार थोडी असते. १९६१ च्या नियमात असं आहे की एकूण मतं जाहीर झाल्यावर उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने कारणं देऊन लेखी अर्ज करायचा, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तो मान्य किंवा नामंजूर करताना लेखी कारण द्यायचं, आणि निकालपत्रावर सही झाली की अर्ज घेत नाहीत. त्यासाठी उमेदवाराला पुरेशी संधी द्यायची असंही लिहिलंय, पण पुरेशी म्हणजे किती मिनिटं हे लिहिलेलं नाही, आणि त्या गोंधळात, बाहेर फटाके लागलेले असताना, कागद-पेन शोधेपर्यंत सही होऊन जाते.

माझं आयोगाकडे म्हणणं एवढंच आहे की आक्षेप, प्रदत्त मत, फेरमोजणी आणि निरीक्षकाचा फोन हे सगळं सोप्या मराठीत एका पानावर छापून प्रत्येक केंद्राच्या दारावर आणि प्रत्येक मोजणी टेबलावर लावावं, आणि एकूण आकडे जाहीर झाल्यावर माइकवरून सांगावं की फेरमोजणीचा अर्ज अमुक मिनिटांत द्या, तोपर्यंत सही होणार नाही. आणि आपल्या पेपरला विनंती, आयोगाकडून स्थानिक निवडणुकीचे नेमके नियम, फी, फॉर्म विचारून मतदानाच्या आदल्या रविवारी ते चौकटीत छापा, आम्ही एजंट लोक ते कात्रण खिशात घालून केंद्रावर जाऊ.

आपला,
एक मतदार आणि पोलिंग एजंट